त्या दिवशी वळू शहाणा झाला

१

वळू खोड्यातच मेला होता, आणि मी पोचलो तेव्हा अजून खोड्यातच होता. एवढं धूड उचलायला क्रेन लागते आणि क्रेनवाला जेवायला गेला होता. मेलेल्याला घाई नसते, क्रेनवाल्याला तर जिवंतपणीच नव्हती.

खोडा म्हणजे लोखंडी पाइपांचा पिंजरा. जनावर आत घ्यायचं, मागे-पुढे आडवे दांडे टाकायचे, मग वाढलेली खुरं साळा नाहीतर कान टोचा. हा वळू आत गुडघ्यांवर बसला होता. मान पुढच्या दांड्यावर लटकलेली, जीभ बाहेर, हनुवटीला हिरवा चोथा. काळा, चकचकीत, खांद्याला माझ्याएवढा उंच. मेलेला असूनही मी त्याला वळसा घालूनच गेलो.

माझं काम सोपं. जनावरांच्या डॉक्टरविरुद्ध तक्रार आली की जायचं, बघायचं, लिहायचं. मी लिहितो आणि वरचे न वाचता सह्या करतात. म्हणजे एखाद्याचं लायसन्स राहायचं की जायचं, हे माझ्यासारख्या फाटक्या सीटच्या स्कूटरवरून फिरणाऱ्या माणसाच्या हातात असतं. आठवड्यातली ही चौथी तक्रार. गुडघा कुरकुरत होता, मीही कुरकुरत होतो. खिशात रबरी पाल होती, ऑफिसातल्या हेडक्लार्कसाठी आणलेली. तेवढाच काय तो जगण्यात रस.

फार्मचा मॅनेजर फाइल घेऊन तयारच होता. एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला घोड्यांची पागा, मधे हा माणूस, इस्त्रीच्या शर्टात.

"साहेब, उघड आहे सगळं. खुरं साळायची म्हणून अंग सैल पाडणारं इंजेक्शन द्यायचं होतं. बाईंनी घोड्याचं औषध वळूला मारलं. त्यांच्या बॅगेत दोन्ही बाटल्या आहेत, मी डोळ्यांनी बघितल्या. लिहा आणि मोकळे व्हा."

"मोकळं व्हायला मी इथे शौचाला आलोय का?"

मॅनेजरने फाइल छातीशी धरली.

डॉक्टरीणबाई पलीकडे उलट्या बादलीवर बसल्या होत्या. तिशीच्या आतबाहेर. बुटांवर सुकलेलं रक्त, केसांत पेंढा. मी म्हणालो, "मॅडम, एकच प्रश्न. चुकीची बाटली घेतलीत का?"

त्यांनी वर बघितलं. "मला आठवत नाही," त्या म्हणाल्या.

बावीस वर्षं मी हे काम करतोय. असं उत्तर देणारा डॉक्टर मला पहिल्यांदा भेटत होता.

२

"आठवत नाही म्हणजे?"

"म्हणजे हात काम करत होते, मी नव्हते. पहाटे एका गाईचं वासरू अडलं होतं. मग एक म्हैस. हे आजचं तिसरं ठिकाण. सवयीने बाटली काढली, सवयीने भरलं. तुम्ही शपथ घ्या म्हणालात तर घेता येणार नाही मला."

असं खरं बोलणारा माणूस चौकशीत टिकत नाही. खोटं बोलणाऱ्याला वकील तरी मिळतो. मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसलो, गुडघ्याने शिवी दिली.

"मला अडाण्याला समजावा. दोन बाटल्या कशाला?"

"औषध एकच. एक पातळ, एक पाचपट कडक. कडक घोड्यांसाठी. गाय, बैल, म्हैस यांना हे औषध फार चढतं. घोड्याला जेवढं लागतं त्याच्या दहाव्या हिश्श्यात त्यांचं काम होतं."

"बैल तर घोड्याहून मोठा!"

"सगळ्यांना हेच वाटतं," त्या थकून म्हणाल्या. "अंगापिंडावर नसतं ते. जास्त झालं की बैल उभा राहत नाही. मान खाली लटकते, पोटातलं वर येतं आणि फुप्फुसात जातं. म्हणून रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलं होतं. पाणीसुद्धा नाही."

"ठेवलं होतं?"

"पाटीवर खडूने लिहून गेले होते. काकांनी पाळलंच असणार, ते चुकत नाहीत. पण चार पोटांचं जनावर रात्रभरात रिकामं होत नाही हो. उपासाने धोका कमी होतो, संपत नाही."

मी बॅग मागितली. वरच पातळची बाटली, अर्धी वापरलेली. कडकची बाटली तळाशी, फडक्यात गुंडाळलेली. फडकं सोडलं आणि बाटली उन्हात धरली.

झाकणावरचा पत्रा जसाच्या तसा होता. सील फोडलेलंच नव्हतं.

मी ती त्यांच्यासमोर धरली. त्या बघत राहिल्या, मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडल्या नाहीत. नुसत्या श्वास घेत राहिल्या, पाण्यातून वर आलेल्या माणसासारख्या.

मॅनेजर मागून म्हणाला, "दुसरी बाटली असेल. फेकून दिली असेल. मी तसंच लिहून देणार आहे, मालकांची सही घेऊन."

आणि तो देणार, हे मला माहीत होतं. सील दाखवून बाई सुटत नव्हत्या. वळूला कुणी मारलं ते दाखवलं, तरच सुटणार होत्या.

३

खुरं साळणारा भिंतीला टेकून सुरीला धार लावत होता. काम नाही तरी धार लावत होता. काही लोक नखं खातात.

"तू काय बघितलंस?"

"बघायला वेळच कुठे मिळाला? बाईंनी सुई टोचली. मी म्हटलं, आता दहा-पंधरा मिनिटं आहेत, तोवर धार लावू. सुरी दगडावर दोनदा फिरवली नाही तर धाडकन! माझ्या बुटापासून वितीवर."

"दोनदा?"

"दोनदा. तिसऱ्यांदा फिरवलीच नाही. वर मघाशी बोळात घसरून पडलो ते वेगळंच. काय मुतला होता हो तो येताना! नळ सोडल्यासारखा."

"तो खोड्यात गेला कसा?"

"नवरदेवासारखा! गेल्या खेपेला चौघं होतो, तरी काकांचा खांदा निखळला. आज काका एकटे दोरी धरून पुढे, हा मागून डुलत डुलत. मला ओळखतो ना तो. माझ्या हाताची सवय झाली त्याला."

मॅनेजरला विचारलं. "जातिवंत जनावर, साहेब. त्याला शिस्त कळते. मी मुद्दामच माणसं कमी केली. चौघांचं काम एकात होतं, हे आज सिद्ध झालं की नाही?"

काय सिद्ध झालं होतं ते खोड्यात लटकत होतं.

गोठ्यावरचे काका रिकाम्या ठाणाच्या दारात उभे होते. साठीचे. उजवा हात पोटाशी धरलेला, कोपरापासून बांधल्यासारखा. वासरू होता तेव्हापासून त्यांनीच त्याला वाढवलेलं.

"काका, आज तो इतका शहाणा कसा?"

"उपाशी होता, साहेब. अंगात त्राण नव्हतं." ते माझ्याकडे बघत नव्हते, वळूच्या दाव्याकडे बघत होते. "मॅडमनी मला विचारलं होतं, आज गप्प कसा, आधी काही दिलंय का? मी म्हटलं नाही."

"खांदा कसा आहे?"

"आहे जागेवर. वर जात नाही एवढंच. केस विंचरायला बायको लागते."

"केस कुठे आहेत?"

ते हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

शेवटचा राहिला पागेतला मोतद्दार. घोड्यांची देखभाल करणारा. तरणाताठा, हसरा, आणि काकांचा जावई. घोड्याच्या पाठीवरून ब्रश फिरवत बोलत होता.

"मी पागा सोडून तिकडे जात नाही, साहेब. बैलाचं मला काही कळत नाही. मामा त्यातले. मी आपला घोड्यांत."

त्याच्या डोक्यामागच्या फळीवर खोगिराचा साबण, नाल ठोकायचे खिळे, तुटका आरसा होता. आणि त्यांच्यामध्ये, कुलूप नाही की कडी नाही, कडक औषधाची एक बाटली. सील फोडलेलं.

"ही कशी इथे?"

"घोडा नाल ठोकू देत नाही तेव्हा मॅडम येतात, त्यातलंच देतात. पाच मिली. परत कुठे न्यायची म्हणून मॅनेजर म्हणाले, राहू दे फळीवर. मॅडम दोनदा म्हणाल्या, कुलपात ठेवा. कुलूप काही आलं नाही."

"किती उरलं होतं, कुणी लिहून ठेवतं?"

"कशाला लिहायचं?" तो म्हणाला आणि एकच जागा पुन्हा पुन्हा ब्रशने घासत राहिला. घोड्याने वळून त्याच्याकडे बघितलं. घोड्यालाही कळलं होतं.

४

मी वळूच्या ठाणात गेलो. भुसा घातलेला. पाटीवर खडूने लिहिलेलं, 'उपाशी. पाणीही नाही.' गव्हाण कोरडी, पाण्याचं घमेलं उपडं. काकांनी शब्द पाळला होता.

पण भुसा ओला होता. ठाणाच्या मधोमध तळं, तिथून बोळापर्यंत ओघळ. मी उकिडवा बसलो, बोटाने दाबला. पाणी वर आलं.

डॉक्टरीणबाईंना बोलावलं. "मॅडम, रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही, आणि हा एवढं मुततो? कुठून आणलं?"

त्या बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा जरासा बाजूला सरकला, पडदा सरकावा तसा.

"हे औषध दिलं की असंच होतं. अर्ध्या-पाऊण तासात नळ सुटतो."

"तुम्ही सुई टोचल्यावर तो जेमतेम दोन मिनिटं उभा होता. आणि हे तर खोड्यात जायच्या आधीचं आहे."

"मांसात दिलेलं औषध दोन मिनिटांत पाडत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "दहा मिनिटं तरी लागतात. मी दिलं तेव्हा तो आधीच..." त्या थांबल्या. "डोकं खाली होतं. कान पडलेले. मी विचारलंसुद्धा. नाही म्हणाले, आणि मी मान्य केलं. छातीला नळी लावून ठोके मोजायला हवे होते. तिथेच कळलं असतं. नाही मोजले."

"ते मी लिहिणार."

"लिहा," त्या म्हणाल्या.

आता हिशेब सरळ होता. चौघांच्या नाकी नऊ आणणारं जनावर एका हाताच्या म्हाताऱ्यामागे डुलत आलं. प्रत्येकाने त्याचं श्रेय स्वतःला घेतलं. हाताची सवय, शिस्त, उपास. त्याला आधीच कुणीतरी टोचलं होतं. बाटली पागेत उघडी. हात कुणाचाही पोचला असता, मॅनेजरचा, ज्याला एका माणसात काम उरकून दाखवायचं होतं, खुरं साळणाऱ्याचा, ज्याला लाथेची भीती, मोतद्दाराचा, काकांचा.

आणि पुरावा? ओला भुसा. तो संध्याकाळपर्यंत वाळला असता.

"कबूल कोण करणार?" बाई म्हणाल्या.

"जो चांगला असेल तो," मी म्हटलं. "मॅडम, एक सुई द्या. आणि साधं पाणी. आणि आता काहीही झालं, तरी तोंड उघडायचं नाही. तुमच्या लायसन्सची शपथ."

दमलेला होतो खरा. पण गुडघा दुखायचा थांबला होता. शाळेत मास्तरांच्या खुर्चीवर ओला खडू ठेवताना वाटायचं, तसंच वाटत होतं.

५

फार्मवर दुसरा वळू होता. धाकटा, तांबडा, पहिल्याहून कमी जाडा आणि जास्त वात्रट. मी सगळ्यांना खोड्यापाशी बोलावलं. मेलेला एव्हाना क्रेनने नेला होता. जमिनीवर ओरखडे तेवढे उरले होते.

"सकाळी काय झालं ते मला तसंच करून बघायचंय," मी म्हटलं. "काका, धाकट्याला आणा. एकट्याने, सकाळसारखं."

काका आणायला गेले. धाकटा ठाणाच्या दारात आला, खोडा बघितला आणि चारही पाय रोवून उभा राहिला. काका डाव्या हाताने ओढत होते. तो मागे सरला, काका पुढे फरफटले.

"अरे, एवढा त्रास कशाला!" मी खिशातून सुई काढली. भरलेली. झाकण दातांनी उपटलं. "पागेतून भरून आणलंय. घोड्याच्या निम्मं. बस झालं ना एवढं? दोन मिनिटांत शहाणा होतो."

मॅनेजर म्हणाला, "निम्म्याने काय होणार, साहेब? एवढा मोठा बैल. पूर्ण द्या."

खुरं साळणारा म्हणाला, "द्या, पण माझा बूट वाचवून."

दोघांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. बाई ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या, शब्द पाळत होत्या. मी सुई घेऊन धाकट्याच्या पुठ्ठ्याकडे गेलो, हात वर केला.

माझं मनगट कुणीतरी धरलं. वरून. खांद्याच्याही वरून आलेला हात.

"नको, साहेब! मरेल तो! निम्म्यानेच मरतो!"

काकांचा उजवा हात. जो केस विंचरायला वर जात नव्हता तो. चेहरा वेदनेने पिळवटलेला, पण पकड सुटत नव्हती. धाकट्याचं दावं जमिनीवर पडलं होतं, आणि धाकटा सगळ्यांकडे आ वासून बघत होता.

"काका," मी म्हटलं, "निम्म्याने मरतो हे कुणालाच माहीत नाही इथे. मॅनेजर पूर्ण द्या म्हणतो. तुम्हाला कसं माहीत?"

हात हळूहळू खाली आला. तेवढ्यात पागेच्या बाजूने ब्रश पडल्याचा आवाज झाला.

"मामांना काही बोलू नका," मोतद्दार धावत आला. "भरून मी दिलं. मीच."

"टोचलं मी," काका म्हणाले. "जावईबापू, तुम्ही घोड्यांकडे जा."

"कसा जाऊ?"

"लेकीला सातवा महिना चालू आहे. जा म्हणतो ना!"

"मामा, तुमच्या लेकीला तोंड कुठलं दाखवू मग?"

एरवी सासरे-जावई एकमेकांवर ढकलतात. इथे दोघं एकमेकांकडून ओढून घेत होते.

६

गोष्ट एवढीशीच होती. मॅनेजरने तीन माणसं काढली. काकांना सांगितलं, वळू एकट्याने आणायचा, जमत नसेल तर घरी बसा. खांदा मोडलेला. लेकीने नवऱ्याला म्हटलं, माझ्या बाबांचं काहीतरी बघा. मोतद्दाराने बघितलं. त्याला एकच माप माहीत होतं, घोड्याचं. घोड्याला पाच. बैल तर घोड्याहून मोठा. सात-आठ सहज लागले असते. पण हा मुलगा काळजीवाला. जनावर मामांचं लाडकं. म्हणून त्याने निम्मंच भरलं.

"मला वाटलं, कमीच देतोय," तो म्हणाला. "अडीच. मुद्दाम कमी."

बाईंनी डोळे मिटले. कडकचे अडीच म्हणजे किती, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही, आणि मलाही ऐकायची.

"आणि मॅडमनी विचारलं तेव्हा?" मी काकांना म्हटलं.

"नाही म्हटलं. पोराची नोकरी गेली असती." काका धाकट्याच्या वशिंडावर हात फिरवत होते. "मला काय ठाऊक, मॅडम अजून देतील आणि दोन्ही एकत्र होईल? मला वाटलं, झोपेल जरा. वासरू होता तेव्हा माझ्या मांडीवर झोपायचा तो."

खुरं साळणाऱ्यानेसुद्धा धार लावायचं थांबवलं.

मॅनेजरला मात्र कंठ फुटला. "म्हणजे आमचीच माणसं! दोघांनाही आजच्या आज..."

"फाइल द्या जरा," मी म्हटलं. त्याने दिली. मी उघडली, आत काहीतरी ठेवलं, परत दिली. "पहिल्या पानावर बघा, तुमचं नाव कुठे येतंय ते."

त्याने उघडली. रबरी पाल सरळ इस्त्रीच्या शर्टावर. फाइल एकीकडे, मॅनेजर दुसरीकडे, आणि बोळात काळ्या वळूने सोडलेल्या ओघळात इस्त्री.

दिवसभरात बाई पहिल्यांदा हसल्या. हसता हसता मात्र डोळे पुसत होत्या.

मी तिथेच खोड्याच्या पाइपवर कागद ठेवून लिहिलं. डॉक्टरने औषध योग्य दिलं, मापही योग्य. जनावर आधीच गुंगीत असल्याची शंका आली, विचारलं, ठोके मोजले नाहीत, ही चूक, ताकीद पुरे. औषध आधीच टोचल्याचं लपवलं गेलं, म्हणून दोन मात्रा एकत्र झाल्या. टोचणाऱ्याला आणि भरून देणाऱ्याला माप माहीत नव्हतं आणि ते माहीत असणं त्यांचं काम नव्हतं. कडक औषध उघड्या फळीवर ठेवलं ते मॅनेजरने, दोनदा सांगूनही. चौघांचं जनावर एकावर टाकलं तेही त्यानेच. काकांची नावनिशी लिहिताना हात जड झाला, पण लिहिली. खोटं लिहून बाईंना वाचवलं असतं तर मी आणि मॅनेजर एकाच माळेचे मणी.

"आमचं काय होईल?" मोतद्दाराने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. "वरचे वाचत नाहीत. या वेळी मी समोर बसून वाचायला लावीन. एवढंच सांगू शकतो."

ऊन कलायला लागलं होतं. धाकटा वळू अजून ठाणाबाहेर चारही पाय रोवून उभा. त्याला कुठेच जायचं नव्हतं, खोड्यातही नाही आणि घरीही नाही. काका एका हाताने ओढत होते, तो हलत नव्हता.

बाई उठल्या. मागून शेपटीच्या बाजूला उभ्या राहिल्या. मोतद्दाराने दुसरं दावं घेतलं. मी कागद खिशात घातला आणि पुठ्ठ्याला खांदा लावला. गुडघ्याने पुन्हा शिवी दिली.

"हळू," काका म्हणाले. "ओढू नका. बोलत राहा त्याच्याशी."

"काय बोलू?"

"काहीही. त्याला काय कळतंय!"

मग मी त्याला आमच्या हेडक्लार्कच्या गोष्टी सांगितल्या, त्याची पाल आज दुसऱ्यानेच पळवली तीसुद्धा. बोळात दोनदा अडला, एकदा माझ्या पायावर उभा राहिला. पण गेला आत. औषधाचा थेंब नाही.

काकांनी ठाणाच्या दाराला आडवा दांडा टाकला. मी घड्याळ बघितलं, खिशातून कागद काढला आणि सहीच्या वर आणखी एक ओळ लिहिली.

'जनावर ठाणात नेलं. चार माणसं, वीस मिनिटं लागली.'